बरोबर वाक्य

हौदावर न्हाव्याचं मनगट मोडलं, तेव्हाचा आवाज सगळ्यांना आधी मडकं फुटल्याचाच वाटला. मडकंही फुटलंच होतं म्हणा. पण न्हावी खाली बसला, उजवा हात पोटाशी धरून पुढेमागे डुलायला लागला, आणि मग लोकांना कळलं की मडक्याबरोबर आणखीही काही फुटलंय.

न्हाव्याच्या पुढ्यात सांडलेलं पाणी जमिनीनं घोटभरात पिऊन टाकलं. रांगेतल्या बायका आधी त्या पाण्याकडे बघत होत्या, मग न्हाव्याकडे. अशा दिवसांत माणसाची नजरसुद्धा तहानेनं फिरते, त्याला कोण काय करणार.

चोरी म्हणावी तर एवढीशी. न्हाव्यानं आपल्या घरचं मडकं भरून नेलं होतं. मग डोक्याचं फडकं बदलून, चेहरा खाली घालून, शेजाऱ्याच्या नावावर तो पुन्हा रांगेत उभा राहिला होता. राखणदारानं त्याला पायांवरून ओळखलं. हौदाचा नियम साधा होता. घराला एक मडकं, चोरी केली तर ते मडकं हौदावरच फोडायचं. राखणदारानं काठी उगारली ती मडक्यावर. न्हाव्यानं मडकं वाचवायला हात आडवा घातला. बाकीचं काम काठीनं केलं.

"मी मडक्यावर मारली होती," राखणदार म्हणाला. कुणी काही विचारलं नव्हतं. "सगळ्यांनी बघितलंय. मडक्यावरच मारली होती."

"बघितलं ना," रांगेतून कुंभार म्हणाला. "तू फोडत जा, मी घडवत जातो. मात्र माती भिजवायला पाणी दे म्हणजे झालं."

राखणदारानं काठी भिंतीला टेकवली आणि पुढच्या बाईला म्हणाला, "हं, चला. मडकं खाली धरा, सांडू नका."

गावात त्याला थेंब्या म्हणायचे, पाठीमागे. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतो म्हणून. डोंगराच्या पोटातून झरा यायचा, तो या दगडी हौदात साठायचा, आणि हौदाच्या बुडाशी एक भोक होतं त्याला लाकडी दट्ट्या मारलेला असायचा. सकाळी थेंब्या मोगरीचे ठोके देऊन दट्ट्या सैल करायचा, गाव मडकी भरायचं, आणि रांग संपली की दट्ट्या पुन्हा ठोकून बसवायचा. पण नुसतं लाकूड दगडात बसत नाही. त्याला आधी जुन्या कापडाच्या चिंध्या पिळून, मेण लावून, एकावर एक गुंडाळाव्या लागतात. ते काम थेंब्याच्या बायकोचं. तिच्या सासूनं तिला शिकवलेलं. गावात दुसऱ्या कुणाच्या हाताला ते वळण नव्हतं.

त्या सकाळीही ती दट्ट्याखालच्या दगडी कुंडीपाशी चिंध्या घेऊन बसली होती. न्हाव्याची बायको धावत आली, नवऱ्याचा हात बघून तिनं तोंडावर हात मारून घेतला, आणि थेंब्याच्या बायकोचं अंग गार पडलं. भीतीनं गार पडलं, उगाच दुसरं काही म्हणायला नको. कारण गावात खरा पाणीचोर एकच होता, आणि तो चिंध्या गुंडाळत बसला होता.

तिनं ते कसं सुरू केलं तेही सांगायला हवं. थेंब्या नियमाचा असा पक्का, की स्वतःच्या घराचं मडकं तो सगळ्यात शेवटी भरायचा. शेवटी म्हणजे काय, तर अर्धं पाणी, अर्धा गाळ. घरात त्याची आई अंथरुणाला खिळलेली. तिच्या पाठीला, कुल्ल्यांना जखमा झालेल्या, त्या रोज धुतल्या नाहीत तर वास सुटायचा आणि माशा बसायच्या. "अहो, सासूबाईंपुरतं एक भांडं आधी घेऊ द्या," तिनं एकदा म्हणून बघितलं. "गाव काय म्हणेल?" तो म्हणाला. विषय संपला.

मग तिनं एका चिंधीचा पीळ सैल ठेवला. दट्ट्याच्या खालच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही असा. पाणी तिथून झिरपायचं आणि कुंडीत उतरायचं. कुंडीला एक जुनं भोक होतं, भिंतीखालून राखणदाराच्या परसात निघणारं. पूर्वी सुबत्तेच्या काळात त्यावर भाजी पिकायची, आता ते मातीनं लिंपून टाकलेलं. तिनं ती माती टोकरून काढली आणि परसात, सरपणाच्या ढिगाखाली, एक रांजण पुरला. दिवसभर आणि रात्रभर थेंब थेंब. उजाडता उजाडता तिची शाळकरी पोरगी त्यातलं पाणी भांड्यानं काढून घरात आणायची, कारण सरपणाच्या फटीतून रांजणाच्या तोंडाशी फक्त तिचाच बारीक हात नीट जायचा. आधी ते पाणी म्हातारीच्या जखमांना लागलं. मग शेळीला. आणि एकदा, खोटं कशाला बोला, तिच्या स्वतःच्या केसांना. तेव्हा ती परसात बसून अर्धा तास रडली होती, इतकं बरं वाटलं होतं.

थेंब्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो पहाटेच झऱ्याच्या तोंडाशी जायचा, दगड साफ करायला.

संध्याकाळी घरात पोरीची टकळी चालू होती. तिचं नावच टकळी पडलं होतं. मास्तरांनी शाळेत नवा शब्द दिला होता आणि उद्या प्रत्येकानं त्याचा वाक्यात उपयोग करून आणायचा होता. शब्द होता दुर्भिक्ष.

"म्हणजे टंचाई," टकळी आजीच्या पायथ्याशी बसून सांगत होती. "पण टंचाई साधा शब्द आहे. दुर्भिक्ष भारी आहे. आमच्या घरात साखरेचे दुर्भिक्ष आहे. आजीला दातांचे दुर्भिक्ष आहे."

म्हातारी पडल्यापडल्या हसली, खोकली, पुन्हा हसली. "आणि तुला अकलेचं. ते पण सांग मास्तरला."

"मास्तर म्हणाले, सगळ्यांनी एकच वाक्य आणायचं नाही. गावात पाण्याचे दुर्भिक्ष आहे असं सगळेच लिहितील. मेंढरासारखं एकामागं एक जायचं नाही म्हणाले. स्वतःचं वाक्य आणायचं."

"मग कांद्याचं आण," आई म्हणाली. "नाहीतर मिठाचं."

थेंब्या जेवत होता. घास हातात तसाच धरून तो म्हणाला, "मीठ आहे घरात. आहे ते नाही म्हणून सांगायचं नाही. जे खरं असेल तेच वाक्य सांग. एक वेळ चूक झाली तरी चालेल, पण खोटं माझ्या घरात नको."

"हो बाबा."

"तो न्हावी खोटं बोलला. शेजाऱ्याचं मडकं म्हणाला. मला त्याचाच राग आला, पाण्याचा नाही." त्यानं घास ताटात ठेवून दिला. "हौद उतरतोय. आवक आहे तेवढीच आहे, तरी उतरतोय. तू दट्ट्या घट्ट बांधतेस ना गं?"

"नेहमीसारखाच बांधते," ती म्हणाली, आणि चुलीतली राख पुढे ओढायला वळली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं तिला. उद्या पीळ घट्ट करायचा, तिनं ठरवलं. उद्याचं पाणी सासूबाईंसाठी काढून घ्यायचं, आणि परवापासून बंद. माणूस वाईट सोडायचं ठरवतो तेव्हा नेहमी एक दिवस मागून घेतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सासूची कूस बदलत होती. म्हातारीचं अंग वाळल्या कडब्यासारखं हलकं, पण एकटीनं उचलायला तेच जड. तेवढ्यात टकळी पळत आली. पायांना धूळ, तोंडभर हसू.

"आई, माझं वाक्य बरोबर आलं. सगळ्यांत माझंच एकटीचं वेगळं होतं. बाकी सगळ्यांनी आहे, आहे, असंच आणलं. मी नाही वापरलं."

"काय नाही वापरलं?"

"अगं, नाही हा शब्द वापरला." टकळी ताठ उभी राहिली, शाळेत उभी राहते तशी. "आमच्या घरी पाण्याचे दुर्भिक्ष नाही, कारण आमचा रांजण रोज भरतो."

म्हातारीचा खांदा तिच्या हातातून सुटला. म्हातारी कण्हली.

"मास्तर शाबास म्हणाले. म्हणाले, असं कारण देऊन वाक्य करायचं. सगळ्यांकडून दोनदा म्हणून घेतलं."

"सगळ्यांकडून."

"हो. मोठ्यानं."

"न्हाव्याचा पोरगा होता का वर्गात?"

"होता ना. त्यानं पण म्हटलं." टकळीचं हसू जरा कमी झालं. "आई, खरंच होतं ना ते? बाबा म्हणाले, खरं असेल तेच."

तिला पोरीवर ओरडायचं होतं. त्या पोरीनं काय वाईट केलं होतं? मास्तरनं सांगितलं तसं स्वतःचं वाक्य आणलं, बापानं सांगितलं तसं खरं सांगितलं. आणि आईनं तर तिला, हे कुणाला सांगायचं नाही, एवढंही कधी बजावलं नव्हतं. पोर रोज पहाटे आईबरोबर उठते, आई सांगते ते काम करते, त्यात चोरी काय ते तिला कसं कळावं? ही चूक आईचीच होती, आणि ती आता पदरात पडली होती.

"आजीपाशी बस," ती म्हणाली. "बाहेर येऊ नकोस."

परसात जाऊन तिनं सरपण बाजूला फेकलं. रांजण अर्ध्याहून जास्त भरला होता. मातीत पुरलेला रांजण एकटीला उकरून काढता येईना. पाणी काढून टाकायला वेळ नव्हता, गल्लीच्या टोकाला माणसांचे आवाज यायला लागले होते. तिनं कुऱ्हाड उलटी धरून तिचा बोथट तुंबा घेतला आणि रांजणाच्या पोटात घातला. एकदा, पुन्हा एकदा. रांजण फुटला, पाणी मातीत गेलं, आणि तिनं वरून खापऱ्या, माती, लाकडं लोटून दिली.

मग ती मागे सरकली आणि तिला दिसलं.

किती महिने त्या गावात ओली जमीन कुणी बघितली नव्हती. सगळीकडे तीच पांढुरकी धूळ. आणि तिच्या परसात, सरपणाच्या ढिगाखालून, काळा डाग पसरत चालला होता. तिनं राख आणून टाकली, राख काळी झाली. कोरडी माती टाकली, तीही काळी झाली. डाग भिंतीपर्यंत गेला, शेळीच्या खुंट्यापर्यंत आला. शेळी ओढ घेऊन घेऊन त्या मातीला जीभ लावत होती. रांजण होता तसा राहिला असता तर एखाद्याला शोधावा तरी लागला असता. हातच्या काकणाला आता आरसा कशाला हवा होता?

थेंब्या मागच्या दारात येऊन उभा होता. तो कधी आला तिला कळलं नाही. गल्लीत त्याला कुणीतरी ते वाक्य ऐकवलं असणार. तो खाली वाकला, मूठभर माती उचलली, दाबली. माती मुठीत चिकटून राहिली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"अहो, सासूबाईंच्या जखमा..."

त्यानं तिच्या तोंडावर मारलं. मातीच्याच हातानं. ती सरपणावर पडली, एक ढलपी तिच्या दंडात घुसली. त्यानं तिला केसांना धरून उठवलं आणि पुन्हा मारलं, आणि ती पडली तेव्हा लाथ घातली. तो शिव्या देत नव्हता. दट्ट्या ठोकताना जसा श्वास सोडायचा तसा प्रत्येक वेळी श्वास सोडत होता. आतून म्हातारी ओरडत होती, "मी प्याले रे! मला मार! माझ्या ढुंगणाला लागलं ते पाणी, मला मार मेल्या!" पण तिला उठता येत नव्हतं, आणि तिचं ऐकणार कोण.

टकळी धावत बाहेर आली आणि बापाच्या पायाला मिठी मारून बसली.

"बाबा, आईला नका मारू. मी काढत होते पाणी. रोज मीच काढते, आईचा हात जात नाही आत. मी काढते बाबा."

थेंब्याचा हात वरच्या वर थांबला. त्यानं पोरीकडे बघितलं, तिच्या मनगटाकडे बघितलं, काडीएवढं मनगट. आणि बायकोनं त्याचा चेहरा बघितला. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याला घाबरलेला कधी पाहिला नव्हता. तो आता घाबरला होता.

"आत जा," तो पोरीला म्हणाला. पण तोवर लोक परसात शिरले होते.

पुढे कुंभार होता, त्याच्यामागे न्हावी, हाताला फळकुटं बांधून हात गळ्यात अडकवलेला, चेहरा मेणासारखा. न्हाव्याची बायको त्याच्याही पुढे यायला बघत होती. बाकी गाव भिंतीवरून, दारातून, जिथून दिसेल तिथून. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. रागावलेलं गाव गप्प असलं की जास्त भीती वाटते.

कुंभार डागापाशी उकिडवा बसला. त्यानं बोट मातीत खुपसलं, ते पेरभर आत गेलं. मग त्यानं गोळाभर चिखल उचलला आणि हातात मळायला लागला. सवयच ती. मळता मळता गोळ्याला आकार यायला लागला आणि कुंभाराचे डोळे भरून आले.

"माझं चाक कोळिष्टकांनी भरलंय," तो म्हणाला. "आणि तुझ्या परसात चिखल आहे."

तो उठला, आणि तो गोळा त्यानं थेंब्याच्या तोंडावर थापला. नाक, डोळे, ओठ, सगळ्यावर. थेंब्यानं तो पुसला नाही.

"कुंपणच शेत खायला लागलं," मागून एक बाई म्हणाली.

"याला राखणीवरून काढा," कुणीतरी म्हणालं. "राखणदार म्हणून दिलेल्या खोलीतून बाहेर काढा सगळ्यांना."

"म्हातारीला कुठे टाकाल? उन्हात?"

"आमची म्हातारी गेली तेव्हा तिच्या तोंडात घालायला याच्याकडे पाणी मागितलं होतं मी. नियम सांगितला यानं मला."

न्हाव्याची बायको पुढे आली. "खोली राहू दे त्यांची, राखणही राहू दे. मला त्याचं काही नाही. माझ्या माणसाचा हात मोडला एका मडक्यासाठी. तो आता वस्तरा कशानं धरणार, दातांनी? ज्या हातानं इथलं पाणी काढलं, तो हात मला मोडलेला बघायचाय. मग मी घरी जाते."

"बरोबर आहे," कुंभार म्हणाला. बाकीच्यांच्या माना हलल्या. "कुणाचा हात?" कुंभारानं विचारलं. तो थेंब्याकडे बघत नव्हता. तो पोरीकडे बघत होता. "ए टकळी, तूच सांगितलंस ना शाळेत? शहाणी पोर आहेस. सांग, रांजणातलं पाणी कोण काढायचं?"

टकळीनं तोंड उघडलं.

ती काय सांगणार हे आईला ठाऊक होतं. विचारलं की खरं सांगायचं, एवढंच त्या पोरीला येत होतं. आईनं दोन पावलांत तिला गाठलं आणि हाताच्या मागच्या बाजूनं तिच्या तोंडावर अशी मारली की पोर भिंतीवर जाऊन आदळली. ओठ फाटला. हनुवटीवरून रक्त गळायला लागलं. एवढ्या जोरानं तिनं पोरीला जन्मात मारलं नव्हतं. पोर रडली नाही, नुसती आईकडे बघत राहिली.

"हिच्याच तोंडामुळे झालं सगळं," आई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "तिला काय विचारता? मी काढायचे. पीळ मी सैल ठेवला, रांजण मी पुरला, पाणी मी काढलं."

"खरं का रे?" कुंभारानं थेंब्याला विचारलं. "तू खोटं बोलत नाहीस, सगळं गाव जाणतं. तू सांग. हिनंच काढलं?"

थेंब्याच्या भुवयांवर चिखल वाळायला लागला होता. शेळी मातीला जीभ लावत होती, तिचा आवाज येत होता.

"हिनंच," तो म्हणाला. "पोरीला काही माहीत नाही."

हौदावर गेले सगळे. काठी अजून भिंतीलाच टेकवलेली होती. तिनं कुणी सांगायच्या आधी उजवा हात हौदाच्या कट्ट्यावर ठेवला. दगड तापला होता. कुंभारानं काठी न्हाव्याकडे दिली, न्हाव्यानं डाव्या हातानं घेतली आणि तशीच थेंब्याच्या पुढे केली.

"मला जमणार नाही," न्हावी म्हणाला. "डाव्या हातात जोर नाही." पण त्याच्याकडे बघून वाटत होतं की जोर असता तरी त्याला जमलं नसतं.

थेंब्यानं काठी घेतली. तो तिच्या जवळ आला. तिच्या नाकातून रक्त येत होतं, ते त्यानंच काढलेलं. तिनं त्याच्याकडे न बघता, ओठ न हलवता म्हटलं,

"हळू मारू नका. त्यांना कळेल. परत विचारतील."

त्यानं काठी उगारली आणि पूर्ण जोरानं मारली.

या वेळी मडकं फुटल्यासारखं कुणालाच वाटलं नाही. ती गुडघ्यांवर आली, कपाळ दगडाला टेकवलं, आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो जनावरं काढतात तसला होता. मनगट एका बाजूला वळून राहिलं होतं, जिथं वळू नये तिथं. गर्दीतल्या एका बाईला ओकारी आली. न्हाव्याची बायको म्हणाली होती तशी घरी जायला वळली, पण चार पावलं जाऊन थांबली आणि मग घाईघाईनं गेली. लोक एकेक करून पांगले. आल्या पावली गेले म्हणतात, पण येताना होती ती पावलं जाताना नव्हती. कुंभार सगळ्यात शेवटी गेला. जाताना तो आपले चिखलाचे हात बघत होता.

एकटा न्हावी राहिला. गावात हाडं बसवायचं कामही त्याचंच होतं, दाढी करणारे हात तेही करायचे. स्वतःचं हाड त्यानं काल बायकोकडून बसवून घेतलं होतं, ते नीट बसलं नव्हतं, त्याचं त्याला कळत होतं.

"वहिनींना आत घे," तो थेंब्याला म्हणाला. "सूज चढायच्या आत ओढायला हवं. मला एकच हात आहे. दुसरा तुझा लागेल."

आत म्हातारीच्या अंथरुणाशेजारी तिला निजवलं. म्हातारीनं आपला वाळका हात लांबवून सुनेच्या कपाळावर ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. थेंब्यानं चुलीशेजारच्या सरपणातून दोन फळकुटं सोलून काढली. दट्ट्यासाठी पिळून ठेवलेल्या चिंध्या कोपऱ्यात होत्या, न्हाव्यानं त्याच मागितल्या.

"पोरीला बाहेर पाठव," ती म्हणाली.

"टकळी," थेंब्या म्हणाला, "पुढच्या दारात बस. कुणाला आत येऊ देऊ नकोस."

पोर गेली. फाटलेला ओठ तिनं जिभेनं आत ओढून धरला होता.

"कोपर धर," न्हावी थेंब्याला म्हणाला. "दोन्ही हातांनी. मी इकडून ओढतो, तू जागचा हलू नकोस. ती ओरडली तरी सोडायचं नाही. वहिनी, हे फडकं दातांत धरा."

न्हाव्याचा डावा हात तिच्या पंजाभोवती बसला. कुठं धरायचं ते त्या हाताला माहीत होतं. त्यानं ओढलं. तिच्या डोळ्यांपुढे घर काळं झालं. तिनं फडकं चावलं आणि आवाज गिळला. सकाळपासून तिच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नव्हता, नवऱ्यानं मारलं तेव्हा नाही आणि काठी बसली तेव्हाही नाही.

"अजून थोडं," न्हावी म्हणाला. "हाड हाडावर चढलंय. घट्ट धर रे."

बाहेर वहाणांचा आवाज आला. मास्तर होते. शाळेच्या कुलपाची किल्ली बोटात फिरवत जायची त्यांची सवय होती, ती किल्ली वाजली.

"काय गं, काय झालं इकडे?" त्यांचा आवाज दारातून स्वच्छ आत येत होता. "गर्दी कसली होती? कुणी ओरडलं का?"

आतले सगळेच श्वास रोखून थांबले. न्हाव्यानं ओढ सोडली नाही.

"आई हौदाच्या कट्ट्यावरून पडली, मास्तर," टकळी म्हणाली. "हात मुरगळला. न्हावीकाका बघतायत."

"अरेरे. आणि तुझा ओठ?"

"तिला धरायला गेले, मीपण पडले."

"बाबा कुठे आहेत?"

"झऱ्याकडे गेलेत. तिन्हीसांजेला येतील."

ती कुठे अडखळली नाही. आवाज चढला नाही, उतरला नाही. आईला कुणी काही सांगायला नको होतं, पोरीनं तिचं तिनं सगळं जुळवलं होतं, एकाला एक लागून, कुठे फट नाही. मास्तर म्हणाले, "बरं बरं, जपत जा. उद्या येशील ना शाळेत?" आणि टकळी म्हणाली, "येईन." किल्ली पुन्हा वाजली आणि लांब गेली.

न्हाव्यानं शेवटचा हिसका दिला. मनगटात काहीतरी टुक्कन जागेवर गेलं. फडकं तिच्या दातांतून पडलं आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलासारखी, तिला स्वतःला आवरताच येईना.

"रडा वहिनी, आता रडलात तरी चालेल," न्हावी चिंध्या गुंडाळायला घेत म्हणाला. "फार दुखतं ते, मला ठाऊक आहे. पण बसलं हाड."

तिचं कोपर दोन्ही हातांनी धरून थेंब्या पुढच्या दाराकडे बघत होता, जिथे पोरीची पाठ दिसत होती.

"अरे सोड आता," न्हावी त्याला म्हणाला. "झालं काम. सोड."